हॉइट बोलला ती कॅसेट

हेलीव्हिल, अलाबामा
१० एप्रिल २०१९

प्रिय रॉइस,

हॉइट बर्लसन गेला. तुला कळलंच असेल, तुझी नात तुला फोनवर सगळं दाखवते. मला काल पार्लरमध्ये, डोक्याला रंग लावून बसले असताना कळलं. रेडिओवर सिप्सी फेरीचं एक गाणं लागलं, ते संपलं आणि लगेच त्यांचंच दुसरं लागलं. तेव्हाच मी ओळखलं. आपल्या बँडची दोन गाणी हे रेडिओवाले लागोपाठ कधी लावतात, सांग बरं? कोणीतरी गेल्याशिवाय नाही. मग तो निवेदक म्हणाला, "ऑर्गनवादक, वय एकोणऐंशी." मी तशीच उठून बाहेर गाडीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. रंग धुवायची वेळ टळून गेली. आता माझे केस वांग्यासारखे जांभळे झालेत. हर्शेल म्हणतो, "हा दुखवटा आहे की जत्रा?" नवरा आहे म्हणून सोडून दिला.

आज पेपरात चार ओळी आल्यात. त्यात 'बँडमधला शांत सदस्य' असं लिहिलंय. शांत! दोन गिटारवाले स्टेजवर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, दोन ड्रमवाले त्यांना आणखी चिथवायचे, डेल्बर्ट कॅगल गाता गाता शब्द विसरायचा, आणि या पाच जणांना एका गाण्यात धरून कोण ठेवायचं? कोपऱ्यात ऑर्गनपाशी मान खाली घालून बसलेला हॉइट. तो एकच सूर लांबवत राहायचा आणि बाकीचे भांडून दमले की त्याच्यापाशी परत यायचे. लोकांना वाटायचं आपण गिटार ऐकतोय. ऐकत असायचे हॉइटला. हे त्या पेपरवाल्या पोराला कोण सांगणार?

बोलताना त्याची जीभ अडायची म्हणून तो कधी मुलाखत द्यायचा नाही, हेही कुठे लिहिलेलं नाही. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकतीस वर्षं त्या बसमध्ये हॉइट वाजत होता. माझ्या पोरांना पाढे येत नसतील, पण त्याचे सूर तोंडपाठ होते.

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मला रडल्याशिवाय बोलता येत नाही. तेव्हा गेल्या चाळीस वर्षांसारखं पत्रच. दफनाला मला जमणार नाही, हर्शेलच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवशी आहे. तू जा आणि मला सगळं लिही.

तुझी
नेल्डा


डाल्टन, जॉर्जिया
१६ एप्रिल

नेल्डाबाई,

गेलो होतो. चार तास गाडी चालवली. नात शेजारी बसून सारखी "आजोबा, हळू" म्हणत होती.

जॅस्परहून शवगाडी निघाली, तिच्यामागे आमच्या दोनशे गाड्या. समोरून येणारा प्रत्येक जण गाडी कडेला घेऊन थांबत होता. आपल्याकडे ते कोणासाठीही थांबतातच. पण कोळशाचा एक ट्रकवाला खाली उतरला आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला. मी शेवटून तिसरा होतो, माझी गाडी पुढे गेली तेव्हाही तो तसाच उभा होता. त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली होती, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. हॉइटला हे दिसलं असतं तर लाजून तो ऑर्गनमागे लपला असता. आमच्यातले सहा-सात म्हातारे नंतर दफनभूमीच्या कुंपणापाशी बराच वेळ उभे होतो. सगळ्यांच्या कानात मशीन. आयुष्यभर मोठ्या आवाजात ऐकल्याची शिक्षा. माझी तर निम्मी शिक्षा गालिच्याच्या गिरणीतल्या नोकरीची आहे.

आता मुद्द्याचं. हॉइटची थोरली बहीण, मिस युलीन, दफन झाल्यावर माझ्याकडे आल्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ. म्हणाल्या, "डिकेटरच्या कार्यक्रमाला तुम्ही टेपचं मशीन घेऊन बसला होता म्हणतात, ते तुम्हीच ना?" १९ मेच्या रविवारी माउंट ऑलिव्ह चर्चमध्ये त्यांचं डेकोरेशन आहे. सगळी घराणी येतील, थडगी साफ करून फुलं वाहतील, मग झाडाखाली जेवणं. त्या दिवशी त्यांना डिकेटरचं गाणं ऐकायचंय.

तुला पाठ आहे, तरी लिहितो, लिहायला बरं वाटतं. १४ ऑक्टोबर १९७८, कापसाचं गोदाम. डेल्बर्टचा घसा बसलेला, तिकिटं परत करायची वेळ आलेली. आणि हॉइटनं माइक स्वतःकडे ओढला. ज्याला आपलं नाव सांगायला अर्धं मिनिट लागायचं तो माणूस सहा मिनिटं एकदाही न अडखळता गायला. त्यानंतर पुन्हा कधीच गायला नाही. माझं मशीन पायाशी चालू होतं. आणि ती एकुलती एक टेप मी मूर्खासारखी १९८१ साली टपालानं तुझ्याकडे पाठवली. आपल्या टेपवाल्यांचा पहिला नियम काय? प्रत पाठवायची, मूळ टेप घराबाहेर काढायची नाही. ती तुझ्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हापासून मी आमच्या पोस्टमन टेटमशी बोलत नाही. तो रिटायर होऊन वीस वर्षं झाली, एकाच चर्चमध्ये बसतो, तरी नाही.

त्या दिवशी गोदामात दुसऱ्या कोणाचं मशीन होतं का? तुझ्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त आहेत. विचारून बघ.

रॉइस


हेलीव्हिल
२१ एप्रिल

प्रिय रॉइस,

ट्रकवाल्याचं वाचून पुन्हा रडले. हर्शेलच्या डोळ्यावर पट्टी आहे, त्यामुळे त्याला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. म्हणाला, "रॉइसचं पत्र वाटतं?"

मिस युलीनसाठी एक सुचवते. माझ्याकडे १९८४ ची बर्मिंगहॅमची टेप आहे, स्वच्छ आहे. त्यात हॉइट अकरा मिनिटं एकटा वाजवतो, मधे चर्चमधली एक जुनी चाल घेतो. डेकोरेशनला ती शोभेल. मिस युलीन चर्चच्या बाई, त्यांना गाण्यापेक्षा ते आवडेल. मी आठवडाभरात प्रत काढून पाठवते. त्या दिवशी केळ्याचं पुडिंगही पाठवीन, मोठं पातेलंभर.

डिकेटरचं काय घेऊन बसलास? गेली ती गेली. कधीकधी वाटतं, न ऐकलेलं गाणं आपण मनात उगाच मोठं करून ठेवतो. आणि टेटमला आता माफ कर. बिचारा नव्वदीला आला असेल.

इकडे डॉगवुडला फुलं आली आहेत. माझे केस अजून जांभळेच.

नेल्डा


डाल्टन
२७ एप्रिल

नेल्डा,

तुझं पत्र मला आवडलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं लिहितोय. 'न ऐकलेलं गाणं' म्हणजे काय? मी ऐकलंय. 'गेली ती गेली' हे तू म्हणावंस? १९७९ साली बँडच्या बातमीपत्रातली माझी जाहिरात वाचून मला पहिलं पत्र टाकलंस ते डिकेटरसाठीच ना? त्या कार्यक्रमाच्या दिवशी तू बाळंतपणासाठी दवाखान्यात होतीस, आणि पोरीच्या जन्माचा आनंद सांगायचा सोडून हॉइटचं गाणं चुकलं म्हणून दोन पानं रडली होतीस.

मी सगळ्यांना विचारलं. चॅटनूगा, टस्कलूसा, मस्कल शोल्स. कोणाकडे काही नाही. मिस युलीनना नाही कसं म्हणू, या विचारात असताना त्यांचंच पत्र आलं. उतरवून पाठवतो:

"आमच्या आईला सतत घाई असायची, म्हणून हॉइट बोलायला लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करायचे. मला वाटायचं, मदत करतेय. दहा-बारा वर्षांचा झाल्यावर त्यानं घरात बोलणंच सोडलं. पुढे तो गुत्त्यांमध्ये वाजवतो म्हणून मी त्याचा एकही कार्यक्रम ऐकला नाही. शेवटची दोन वर्षं पक्षाघाताच्या झटक्यानं त्याची वाचा पूर्ण गेली होती. मी रोज त्याच्या उशाशी बसायचे. आता त्यानं काहीही म्हटलं असतं तरी मी पुरं होईपर्यंत थांबले असते. त्याचा आवाज मला एकदा ऐकायचाय, मिस्टर लेडफर्ड. गाणं कोणतं आहे याच्याशी मला कर्तव्य नाही."

आता यांना मी तुझी बर्मिंगहॅमची अकरा मिनिटं पाठवू? त्यात हॉइटचे हात आहेत, आवाज नाही. ५ तारखेपर्यंत वाट बघतो, मग त्यांना नाही म्हणून कळवतो.

रॉइस


हेलीव्हिल
१ मे

रॉइस,

हे पत्र बसून वाच.

टेप हरवली नव्हती. १९८१ च्या मार्चमध्ये ती मला मिळाली, पाकीट धड होतं. टेटमचा काही दोष नाही. दोष माझा आहे.

माझ्याकडे दोन मशीन होती, एक वाजवायला आणि एक भरायला. कडेवर पोर रडत होतं. मी तुझी टेप भरायच्या मशीनमध्ये घातली आणि कोरी वाजवायच्या. बटणं दाबली आणि पोराला आंघोळ घालायला गेले. परत आले तर आवाज दाखवणारे काटे हलत नव्हते. एका क्षणात कळलं, पण तोवर त्रेचाळीस मिनिटं झाली होती. कोऱ्या टेपची शांतता मी हॉइटवर चढवली होती. त्या कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दात मोडलेले नव्हते. ते मोडले असते तर मशीननं तिच्यावर दुसरं काही भरूच दिलं नसतं. पण बघायचं काम माझं होतं. पोर छातीशी धरून मी स्वयंपाकघरात खाली बसले.

तुझं पत्र आलं, "पोचली का?" मी लिहिलं, "नाही अजून." त्या दोन शब्दांवर अडतीस वर्षं काढली. दर वर्षी वाटायचं, आता सांगू. दर वर्षी ते आदल्या वर्षीपेक्षा अवघड व्हायचं. तू दुरावलास तर मी हॉइटबद्दल बोलायचं कोणाशी? हर्शेलला ढोल आणि ऑर्गन यांतला फरक कळत नाही.

आता पुढचं. सगळी पुसली नाही. शेवटची पावणेदोन मिनिटं उरली आहेत. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, गाणं संपलं की मशीन बंद कर, पुढचं काही कामाचं नाही. गाणं गेलं आणि ते बिनकामाचं राहिलं. गाण्याचा शेवटचा सूर आहे, मग टाळ्या, आणि मग हॉइट बोलतो. रॉइस, तो लोकांशी बोलतो! "थ... थ..." असा अडकतो. लोक शांत होतात. मग कोणीतरी एक हलकट ओरडतो, "बोलू नकोस रे, वाजव!" लगेच एक बाई, अगदी माइकजवळ, म्हणते, "गप बस. त्याला वेळ लागतो. आपल्याला कुठे जायचंय?" आणि सगळं गोदाम गप्प राहतं. मी मोजलंय, एकवीस सेकंद. मग हॉइट म्हणतो, "थांबलात, बरं वाटलं." आणि टेप संपते.

ही पावणेदोन मिनिटं मी कितीदा ऐकली असतील देव जाणे. ती बाई कोण होती मला माहीत नाही, पण तिच्यावर माझा जीव आहे. बसमध्ये एखादं पोर बोलताना अडखळलं आणि बाकीचे हसले की मी आरशात बघून तिच्याच शब्दांत सांगायचे. तसंच त्या हलकटाला मी अडतीस वर्षं रोज शिव्या देते.

मिस युलीनना ही टेप मिळायला हवी. पाठवू का? तू मला पुन्हा लिहिलं नाहीस तरी समजेन.

नेल्डा


डाल्टन
११ मे

नेल्डा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. चार वेळा लिहायला बसलो.

टपालानं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, १९ तारखेला, माउंट ऑलिव्ह, बारा वाजता. मशीनही आण.

ती बाई माझी बायको आहे, आयनेझ. तिला गर्दी आवडायची नाही, आयुष्यात एकाच कार्यक्रमाला आली, तो हा. माइक तिनं पदरासारख्या घेतलेल्या रुमालाखाली धरला होता. दात मोडायचं कामही तिचंच असायचं, शिवणाच्या कात्रीनं मोडायची. तेवढी एक कॅसेट राहून गेली.

ती १९८४ मध्ये गेली तेव्हा तू कार्ड पाठवलंस. त्यावर कमळाचं चित्र होतं. तेव्हा तिचा आवाज तुझ्या कपाटात होता. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, कपडे होते ते बहिणीला दिले, आवाज कुठेच नव्हता. हे तुला माहीत नव्हतं, हे मला कळतं. तरी राग येतोय.

टेटमकडे काल गेलो. पीचचा गोड कॉबलर भाजून घेऊन गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "आपलं भांडण होतं?" त्याला वाटत होतं मी घुमा आहे.

रॉइस


हेलीव्हिल
२१ मे

प्रिय रॉइस,

तू टेप संपल्यावर उठलास आणि गाडीत जाऊन बसलास. तुझी नात माझ्याकडे बघून 'काय करू' असे हात करत होती. मी तुझ्यामागे आले नाही, तो माझा हक्क नव्हता. पण तू पहिल्या बाकावर मशीनला कान लावून होतास, मागचं तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते, पुढे वाचायचं की नाही ते तू ठरव.

थडगी साफ करून झाली होती, सिमेंटच्या लांब टेबलांवर जेवण मांडलं होतं. चर्चच्या स्वयंपाकघरातून वायर ओढून मशीन मी लावलं, पण बटण हर्शेलला दाबायला सांगितलं. (त्याला आधी दहा वेळा दाखवलं होतं कोणतं ते.) दीडशे लोक असतील. पोरं चिकन खात होती, म्हातारे पंख्यानं वारा घेत होते. गाण्याचा शेवटचा सूर आला आणि टेबलापाशी वाढणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. सूर एवढासाच, पण हॉइटचा होता, हे खानावळीत भांडी घासणाऱ्यालाही कळलं असतं.

मग तो बोलायला लागला. "थ... थ..." मिस युलीनचे ओठ हलले. मी शेजारीच उभी होते. त्यांना शब्द माहीत होता, किंवा अंदाज आला होता, आणि सवयीनं त्या पुरा करणार होत्या. तेवढ्यात तो माणूस ओरडला. मिस युलीन म्हणाल्या, "कोण हा मेला?" अगदी मोठ्यानं, चर्चच्या आवारात. आणि मग आयनेझ बोलली.

रॉइस, मिस युलीननी हात तोंडावर घट्ट धरला. एकवीस सेकंद. दीडशे माणसं, एक चमचा वाजला नाही. जे गोदामात नव्हते तेसुद्धा थांबले. ज्यांचा तेव्हा जन्म नव्हता ती पोरंसुद्धा. त्या ट्रकवाल्याबद्दल तू लिहिलं होतंस, मला तो दिसलाच जणू. मग हॉइट म्हणाला, "थांबलात, बरं वाटलं," आणि मिस युलीननी हात काढला आणि म्हणाल्या, "पुरं बोलला. एकट्यानं पुरं बोलला." मग त्या लहान मुलीसारख्या रडल्या. त्यांनी अजून तीन वेळा लावायला सांगितलं, तोवर तू गाडीत होतास.

टेप त्यांना देत होते. त्या म्हणाल्या, ज्याची आहे त्याला द्या. ती कपाटात आहे, दात मी आता मोडलेत. तू म्हणशील तेव्हा आणून देईन. तुझा राग बरोबर आहे. मी फक्त एवढंच म्हणते, त्या दोघांचा आवाज मी एकटीनं ठेवून घेतला याची मला लाज वाटते.

नेल्डा


डाल्टन
२ जून

प्रिय नेल्डा,

मी उठून गेलो ते तुझ्यामुळे नाही. मिस युलीन 'कोण हा मेला' म्हणाल्या म्हणून.

तो मी.

टेपची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. दोन मिनिटं उरली होती. हॉइट बोलत बसला तर पुढच्या गाण्याची सुरुवात माझ्या बाजूवर येणार नाही, एवढंच डोक्यात होतं. टेपवाल्याचं डोकं. ज्या माणसाचे सूर ऐकायला मी आठ राज्यांत गाडी पळवली, तो जन्मात पहिल्यांदा आमच्याशी बोलायला लागला, आणि मी त्याला गप्प करायला ओरडलो. आयनेझ 'गप बस' म्हणाली ती मला.

त्या टेपची प्रत मी कोणालाच का देत नाही, असं सगळे विचारायचे. हे कारण. तुला पाठवली कारण तुझ्या पत्रांचा तगादा, आणि तू शेवट न ऐकता बंद करशील अशी आशा. ती पोचली नाही असं तू लिहिलंस तेव्हा मी टेटमशी बोलणं टाकलं खरं, पण घरी येऊन शांत झोपलो. आता कोणाला कळणार नाही म्हणून. तीन वर्षांनी आयनेझ गेली, आणि मग मात्र मी ती टेप रोज मागितली असती, पण मागायची कोणाकडे? तू अडतीस वर्षं लपवलंस, मी एक्केचाळीस. तुझ्या पत्रातल्या शिव्या वाचून आठवडाभर उत्तर लिहिता आलं नाही. तुझ्यावरचा राग त्यात थोडाच होता.

काल मिस युलीनकडे गेलो आणि दारातच सांगितलं, "तो मेला मी." त्यांनी दार पूर्ण उघडलं. म्हणाल्या, "तुम्ही एकदा केलंत, मिस्टर लेडफर्ड. मी रोज करायचे. आत या." आणि ॲपल पाय वाढला. दोन तुकडे खाल्ले.

त्या दिवशी मशीनला कान लावला तेव्हा आयनेझचा आवाज मी लगेच ओळखला नाही. पस्तीस वर्षं मला तो बारीक आठवत होता. घरात एकटा तिच्याशी बोलायचो तेव्हा बारीकच ऐकू यायचा. तो तसा नव्हता. भरदार होता, आणि चिडलेला होता, आणि त्या चिडण्यात माझ्यावरचं प्रेमही होतं, हे तुम्हाला कोणाला कळलं नसेल, मला कळलं. मी भलत्याच बाईशी बोलत होतो इतकी वर्षं.

टेप तुझ्याकडेच राहू दे. माझ्या घरी आणली तर मी दुसरं काही करणार नाही. महिनाअखेरीस शनिवारी हेलीव्हिलला येतो, हर्शेलला सांग. जेवायचं काही केलंस तरी चालेल, नाही केलंस तरी चालेल. मला फक्त खुर्ची मशीनजवळ हवी, उजवा कान तिकडे. एक्केचाळीस वर्षांत मला कोणी 'गप बस' म्हणालेलं नाही. ते तिच्याकडून ऐकायचंय.

तुझा
रॉइस